स्वभावाची सबब

गेल्या पौषात येथील मराठी मंडळात एक व्याख्यान झाले. व्याख्याते व्यक्तिमत्त्वाच्या शास्त्राचे जाणकार आहेत, अशी ओळख करून देण्यात आली. प्रारंभी त्यांनी श्रोत्यांस एकेक छापील प्रश्नावली वाटली. समारंभात अनोळखी माणसांशी बोलणे आपणांस रुचते काय, निर्णय घेताना आपण बुद्धीचे ऐकता की हृदयाचे, अशा धर्तीचे प्रश्न होते. अर्ध्या तासात उत्तरांची बेरीज होऊन प्रत्येकाच्या हाती चार अक्षरांचा एक शिक्का आला. लेखापरीक्षण, रेल्वे, टपाल, आयकर अशा नाना खात्यांत वीस-पंचवीस वर्षे झिजलेली माणसे ती अक्षरे जन्मपत्रिकेतील गण-नाडीप्रमाणे एकमेकांस दाखवू लागली. इथवर सारे करमणुकीचे होते. मग व्याख्यात्यांनी गंभीर होऊन सांगितले की, ज्यांचे पहिले अक्षर अंतर्मुखतेचे आहे त्यांनी विषादाच्या विकारापासून, म्हणजे घरोघर ज्याला आता डिप्रेशन म्हणतात त्यापासून, विशेष जपावे. बहिर्मुखांस तशी धास्ती नाही. टाळ्या पडल्या. आमच्या शेजारच्या खुर्चीवरील गृहस्थ समाधानाने म्हणाले, ''म्हणजे आपण सुटलो!''

या 'सुटलो'वर आमचा आक्षेप आहे.

तीन वर्षांपूर्वी याच सभागृहात गणेशोत्सवाची सारी धावपळ एकहाती करणारे एक अधिकारी होते. नाटकाची तालीम असो की कोजागरीचे दूध, त्यांच्यावाचून मंडळाचे पान हलत नसे. मुलीच्या बारावीसाठी कुटुंब नागपुरास ठेवून ते येथे सरकारी निवासस्थानात एकटे राहत. त्या वर्षी त्यांना बढती मिळाली. त्यानंतर पाच महिने हा मनुष्य पहाटे तीनला जागा होऊन छताकडे पाहत पडून राहत असे, हे आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते. ते तालमीस येईनासे झाले, तेव्हा 'आता मोठे साहेब झाले' असे आम्ही म्हटले. या 'आम्ही'त प्रस्तुत लेखकही आला. अखेर नागपुरास दूरध्वनी केला तो त्यांच्या स्वयंपाक्याने. साहेबांचा डबा रोज भरलेलाच परत येतो, एवढेच तो बाईंना म्हणाला. बाई दुसऱ्या दिवशी येऊन थडकल्या, म्हणून ते गृहस्थ आज आहेत. प्रकरण कळल्यावर मंडळात जो उद्गार निघाला तो असा : ''त्यांना? छे! तो स्वभावच नव्हे त्यांचा.'' उलट, मंडळाच्या कार्यक्रमांस न येणाऱ्या दुसऱ्या एका अबोल अधिकाऱ्याचे निदान आम्ही परस्पर करून टाकले होते. ते बिचारे संध्याकाळी घरी बसून सतार वाजवीत, आणि त्यांचे उत्तम चालले होते.

ही चार अक्षरे आली कोठून? स्वित्झर्लंडचे मनोविश्लेषक कार्ल युंग यांनी १९२१ साली मानसिक प्रकारांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या विचारावर विसंबून अमेरिकेतील कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी माणसांचे सोळा प्रकार पाडणारी पद्धती रचली. दोघींपैकी एकीनेही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. तो काही अपराध नव्हे. खरा दोष निराळाच आहे. विषादाच्या धोक्याशी सर्वांत निकट नाते असलेला जो स्वभावगुण, म्हणजे मन चटकन क्षुब्ध होणे, चिंतेने पोखरणे, सावरण्यास वेळ लागणे, ज्याला आपण भावनिक अस्थैर्य म्हणू, तो या प्रश्नावलीत मोजलाच जात नाही. रॉबर्ट मॅक्रे आणि पॉल कोस्टा यांनी १९८९ साली हे उणे स्पष्टपणे दाखवून दिले. या चाचणीचे पुरस्कर्तेदेखील ती आजार ओळखण्यासाठी आहे असे म्हणत नाहीत. तेव्हा तिच्या आधारे विषादाचे भविष्य वर्तविणे म्हणजे पादत्राणाचे माप घेऊन हृदयविकार सांगण्यासारखे आहे.

मात्र स्वभावाचा आणि विषादाचा काहीच संबंध नाही, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीसही आम्ही बसणार नाही. काळ्या पित्ताच्या आधिक्याने माणूस खिन्न होतो, हे ग्रीक वैद्यांचे मत कालबाह्य झाले, तरी त्यामागील निरीक्षण अगदीच पोकळ नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये हान्स आयझेंक यांनी भावनिक अस्थैर्य हे स्वभावाचे एक स्वतंत्र परिमाण मानून मोजण्यास घेतले. पुढे २०१० साली रोमन कोटॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७५ अभ्यासांचा एकत्र हिशेब केला, तेव्हा हाच गुण विषादाशी व चिंताविकारांशी सर्वांत बळकटपणे निगडित दिसला. तीव्र विषादाशी अंतर्मुखतेचा संबंध त्या मानाने पुष्कळच सौम्य होता. यातही एक खोच आहे. आजारी मनुष्य स्वतःविषयीच्या प्रश्नांना आजाराच्याच तोंडाने उत्तरे देतो. त्यामुळे मोजलेल्या अस्थैर्यात स्वभाव किती आणि रोग किती, हे वेगळे काढणे सोपे नाही.

शिवाय उतार असला म्हणून पूर येत नाही. पाऊस पडावा लागतो. अमेरिकेत केनेथ केंडलर यांनी हजारो जुळ्या भावंडांचा जो अभ्यास केला (२००४), त्यात क्षोभशील माणसांवर आपत्तीचा आघात अधिक खोल होतो असे आढळले. म्हणजे स्वभाव आणि प्रसंग यांची गाठ पडावी लागते. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातील स्त्रियांची पाहणी करून १९७८ साली जे लिहिले, ते तर आपण बदलीच्या माणसांनी भिंतीवर लावून ठेवावे. मोठा आघात झालेल्या स्त्रियांपैकी ज्यांना मनातले सांगण्याजोगे निकटचे माणूस नव्हते, त्या विषादात अधिक सहजी कोसळल्या. ज्यांना ते होते, त्या पुष्कळशा तगल्या. आता नागपूरचे कुटुंब, येथले निवासस्थान आणि भरलेला परत येणारा डबा आठवून पाहावा. त्या गृहस्थांस शंभर ओळखी होत्या. मनातले सांगण्यासारखे माणूस आठशे मैलांवर होते.

बढतीने माणूस खचेल कसा, असे कोणी विचारील. जर्मन मनोविकारतज्ज्ञ हुबर्टस टेलेनबाख यांनी १९६१ साली विषादाच्या रुग्णांचे जे स्वभावचित्र रेखाटले ते पाहा : नीटनेटका, कर्तव्यनिष्ठ, स्वतःकडून वाजवीपेक्षा अधिक अपेक्षा करणारा, कोणाचे ऋण न ठेवणारा, मोडलेली घडी सहन न होणारा. अशा माणसाचा तोल घरपालट, नवी जबाबदारी, बढती यांनीही जातो, असे त्यांनी लिहिले. जपानात मित्सुझो शिमोदा यांनी याहून आधी बरेचसे असेच वर्णन केले होते. हे वर्णन वाचताना आम्हांस आपल्या उत्तम कचेऱ्यांतील उत्तम माणसे एकामागून एक डोळ्यांसमोर दिसू लागली. परंतु न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, वर उल्लेखिलेल्या १७५ अभ्यासांच्या हिशेबात कर्तव्यदक्षता विषादाच्या रुग्णांत सरासरीने कमी आढळली. दोन गंभीर अभ्यास जेथे विरुद्ध दिशांना तोंड करून उभे आहेत, तेथे अर्ध्या तासात 'तुम्ही जपा, तुम्ही सुटलात' असा निवाडा देण्याचे धाडस कोठून येते?

ते आपल्याच एका म्हणीतून येते, असे आम्हांस वाटते. स्वभावाला औषध नाही! ही म्हण उच्चारली की पुढचे काही करावे लागत नाही. वास्तविक ती खरीही नाही. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली २०७ अभ्यास तपासले, तेव्हा उपचारांनी स्वभावगुण बदलतात आणि त्यांतही भावनिक अस्थैर्य सर्वांत अधिक उणावते, असे दिसून आले. आणि विषादावर तर औषधेही आहेत आणि बोलण्यातून होणारे उपचारही. तरीदेखील २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत सामान्य मानसिक विकारांच्या रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारावाचून असल्याचे आढळले. यांतील किती जणांस 'स्वभावच तसा' असे सांगून घरीच बसविले असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

गीतेचा पहिला अध्याय अर्जुनविषादयोग. अर्जुन घरकोंबडा नव्हता, अबोलही नव्हता. त्या काळातील अग्रगण्य योद्धा होता. आणि भगवंतांचे पहिले उत्तर आपल्याकडील वडीलधाऱ्यांसारखेच होते : हा दुबळेपणा तुला शोभत नाही, ऊठ. त्याचा उपयोग झाला नाही. अर्जुन पुन्हा 'लढणार नाही' म्हणून गप्प बसला, आणि मग अठराव्या अध्यायापर्यंत बोलत राहावे लागले.

कचेरीस मात्र स्वभावाची सबब फार स्वस्तात पडते. माणूस खचला तो त्याच्या प्रकृतीमुळे असे एकदा ठरले की, तीन वर्षांत तीन बदल्या कोणी केल्या, रिक्त जागांचे काम कोणाच्या टेबलावर ढकलले, वर्षअखेरची रजा कोणी नाकारली, हे प्रश्न फाइलीत चढतच नाहीत. कायदा याहून उदार आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. आणि सेवेत असताना दिव्यांगता आलेल्या कर्मचाऱ्यास सरकारी आस्थापनेने काढू नये, त्याचा दर्जाही घटवू नये, असे कलम २० सांगते. आपल्यातील कित्येक जण इतरांचे मूल्यमापन अहवाल लिहितात. प्रकृतीच्या रकान्यापुढे 'अंतर्मुख, ताण सोसत नाही' असे लिहिण्याआधी त्यांनी त्या माणसाकडे दहा मिनिटे बसून यावे.

व्याख्यात्यांचे दुसरे पुष्प चैत्रात आहे, असे मंडळाचे चिटणीस कळवितात. त्या दिवशीची प्रश्नावली आम्ही कोरी परत करणार आहोत. चिटणिसांकडे आम्ही एक निराळी यादी मागितली आहे : कुटुंब दूर ठेवून एकटे राहणाऱ्या सभासदांची. ती अद्याप तयार नाही. तोवर आम्हांस ठाऊक असलेल्या चौघांपैकी दोघांच्या घरी या रविवारी जाऊन आलो. एक घरी नव्हते. दुसऱ्यांनी दार उघडायला बराच वेळ लावला, आणि चहा मात्र दोनदा केला.