टाकीतला वायू आणि मेंदूतला

अंगारकी चतुर्थीला राजूरच्या राजुरेश्वराला भाविकांची रीघ लागते. अशा दिवशी रांगा, वाहनतळ, पाणी यांचा विचार होतो. एवढ्या माणसांमुळे भरणाऱ्या शौचालयांच्या टाक्यांचा विचार फारसा कोणी करत नाही. भोकरदन तालुक्यातल्या या राजूरचेच कशाला, कुठल्याही तीर्थक्षेत्राचे हेच. टाकीत साचलेला हायड्रोजन सल्फाइड आत उतरलेल्या माणसाला काही श्वासांत आडवा करू शकतो.

आणि हाच वायू माणसाचा मेंदू स्वतः तयार करतो! १९९६ साली अबे आणि किमुरा या जपानी संशोधकांनी तो मेंदूत कसा बनतो आणि स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागात काय करतो, हे दाखवले. अत्यल्प प्रमाणात असलेला हा वायू ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाला पेशी देत असलेला प्रतिसाद वाढवतो.

मेंदूत बनणाऱ्या नायट्रिक ऑक्साइड या दुसऱ्या वायूची चाल तर आणखी वेगळी. एरवी एक चेतापेशी रसायन सोडते, पुढची ते घेते. ग्लुटामेट पोचले की घेणाऱ्या पेशीत कॅल्शियम शिरते, एक विकर जागे होते आणि हा वायू बनतो. त्याला साठवायला पिशवी नाही, अडवायला पडदा नाही. तो आल्या वाटेने मागे झिरपतो आणि पाठवणाऱ्या पेशीला रसायन कमी-जास्त सोडायला लावतो. काही सेकंदांत संपूनही जातो. ब्रिटनच्या जॉन गार्थवेट यांनी १९८८ मध्ये मेंदूतले त्याचे काम उजेडात आणले. १९९८ चे नोबेल मात्र रक्तवाहिन्यांवरच्या संशोधनाला मिळाले.

मेंदू गरजेपुरताच वायू बनवतो, तोही जागच्या जागी. टाकीत तसा हिशेब नसतो. तिथे हायड्रोजन सल्फाइड पेशींचा श्वासच रोखतो. ‘वास येईनासा झाला, आता उतरा’ हा समज तर सर्वांत घातक, कारण प्रमाण वाढले की हा वायू नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. पहिल्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो.

संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूसाठी भरपाई ३० लाख रुपये केली. त्यापेक्षा वायूमापक यंत्र कितीतरी स्वस्त पडते. ग्रामपंचायतींनी आणि देवस्थानांनी ते यात्रेच्या खर्चातच धरावे, उपसा सक्शन टँकरनेच करावा, आणि ठेकेदाराचे बिल त्याशिवाय मंजूर करू नये.