खाटेखालची बाटली

ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील घरांत सकाळच्या गाडीची वेळ देवपूजेइतकीच कसोशीनें पाळली जाते. आणि त्या गाडीच्या दारांत लोंबकळत गेलेला मुलगा सायंकाळीं सुखरूप परतला म्हणजे घर निश्चिंत होतें. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलगाड्यांतून माणसें पडून कांहींनीं प्राण गमावले, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. अशा पडण्यांत मोडलेली बरगडी फुप्फुसांत घुसली, तर छातींत हवा सांठून फुप्फुस मिटतें. क्षयानें किंवा धूम्रपानानेंही हें घडतें; क्वचित् उंच, सडपातळ तरुणास उघड कारणावांचूनही घडतें. कोंडलेली हवा हृदयास बाजूस रेटूं लागली, तर थोडक्या वेळांत जिवावर बेततें.

म्हणून डॉक्टर काखेखालीं जागा बधिर करून, दोन बरगड्यांमधून नळी बसवितात. तिचा शेवट बाटलींतील पाण्यांत सुमारें २ सेंटिमीटर बुडालेला असतो. हवा बुडबुड्यांनीं बाहेर पडते, पण पाण्यामुळें परत आंत शिरत नाहीं. हॅम्बुर्गचे डॉक्टर ब्यूलाउ यांनीं छातींतील पू काढण्यासाठीं योजिलेली व १८९१ सालीं प्रसिद्ध केलेली ही युक्ति आजही उपयोगांत आहे.

आमच्या परिचयाच्या एक आत्याबाई भाच्यास भेटावयास रुग्णालयांत गेल्या. बाटली जमिनीवर, लोकांच्या पायांशीं पाहून त्यांस कसेंसेंच वाटलें. मायेनें ती उचलून त्या उशाशीं ठेवूं लागल्या. परिचारिका धांवून आली म्हणून बरें. नाहीं तर तें पाणी उलट छातींत गेलें असतें. आत्याबाईंच्या मायेंत कांहीं उणें नव्हतें. त्यांस कोणी चार शब्द सांगितले नव्हते, एवढेंच.

ते शब्द आम्ही येथें देतों. बाटली नेहमीं उभी व छातीहून बरीच खालीं ठेवावी. नळीस पीळ पडूं देऊं नये, ती अंगाखालीं दबूं देऊं नये. आपल्या मतानें तिला चिमटा मुळींच लावूं नये. बुडबुडे येत असतां ती बंद केल्यास हवा आंतच कोंडते. नळी सुटली किंवा बाटली फुटली, तर नळीचें टोंक लागलेंच स्वच्छ पाण्याच्या भांड्यांत बुडवून, भांडें खालींच ठेवून, परिचारिकेस हांक मारावी. श्वासाबरोबर नळींतील पाणी वरखालीं होतें, त्यास भिऊं नये. तें एकाएकीं थांबलें किंवा दम वाढला, तर मात्र तत्काळ कळवावें. बुडबुडे थांबून क्ष-किरणचित्रांत फुप्फुस फुललेलें दिसेपर्यंत नळी काढण्याची घाई डॉक्टरांस करूं नये. पुढें विडी-सिगारेट कायमची सोडावी. विमानप्रवास डॉक्टरांच्या अनुमतीनेंच करावा.

आपलें माणूस कळव्याच्या छत्रपति शिवाजी महाराज रुग्णालयांत असो, कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयांत असो वा डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयांत असो, त्याच्यापाशीं बसणारे हात दर प्रहरीं बदलतात. एकत्र कुटुंबाचें हें मोठें बळ आहे. मात्र पाळी सोंपवितांना जेवणाच्या डब्याबरोबर हे नियमही एकानें दुसऱ्याच्या स्वाधीन करावे, इतकीच आमची विनंति आहे.