आम्हीच घडवलेली मोडी

मराठी भाषेचे कौतुक करण्यात आपण कधी मागे राहिलो, असे आपला शत्रूही म्हणणार नाही. २०१७ साली नव्वदावे साहित्य संमेलन डोंबिवलीत भरले तेव्हा आम्हा डोंबिवलीकरांची छाती वीतभर फुगली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषा म्हटले तेव्हा आम्ही पेढे वाटले. पेढ्यांना माझी हरकत नाही. परंतु नरकचतुर्दशीला कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मगच फराळाला बसायचे, ही आपली जुनी रीत आहे. माझा हा लेख म्हणजे ते कारीट समजावे.

प्रश्न साधा आहे. हा अंक ज्या मजकुरावरून छापला, तो मजकूर आणखी तीस वर्षांनी कोणाला उघडता येईल काय? छापलेल्या कागदाबद्दल मी बोलत नाही. कागद टिकेल. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, त्याची प्रत हाती आली तर आजही ती सरळ वाचता येते. आमच्या शेजारच्या अंबरनाथच्या देवळात शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. जाणकार तोही वाचतात. मात्र १९९० नंतरच्या वीस वर्षांत ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या स्टेशनांभोवतीच्या डीटीपीच्या दुकानांत जे मराठी टंकले गेले, त्यातली एखादी फाइल आज उघडून पाहा. ‘मराठी’ या शब्दाच्या जागी ई, जे, के, बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरे ओळीने उभी दिसतील.

असे का होते, ते थोडक्यात सांगतो. संगणकाला अक्षराचे रूप कळत नाही, त्याला आकडा कळतो. ‘युनिकोड’ नावाच्या जागतिक व्यवस्थेने १९९१ पासून देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला आहे. त्यात ‘क’चा क्रमांक २३२५. त्याआधीच्या, आणि नंतरही कित्येक वर्षे वापरात राहिलेल्या, फाँटांनी निराळी युक्ती केली होती. इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर त्यांनी मराठी आकृत्या बसवल्या. कृतिदेव फाँटात ‘क’ हा इंग्रजी ‘डी’च्या १०० क्रमांकावर बसला. श्रीलिपीची वाटणी निराळी, आकृतीची आणखी निराळी. तो फाँट संगणकात असेपर्यंत मराठी दिसायचे. फाँट गेला की मराठी गेली. त्या काळी दुसरा इलाज नव्हता, आणि ज्या कारागिरांनी हे फाँट घडवले त्यांच्यामुळेच मराठी छपाई संगणकावर आली. त्यांचे ऋण मी मानतो. माझा राग आहे तो, इलाज हाती आल्यावरही जुनेच दुखणे कुरवाळत बसणाऱ्यांवर.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडे घरोघर मोडी लिहिली जाई. आज पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांचे ढीग आहेत आणि ते वाचणारी माणसे शोधावी लागतात. ती मोडी निदान अवघ्या महाराष्ट्राची एक होती. २०१४ साली तिलाही युनिकोडमध्ये क्रमांक मिळाले. आम्ही गेल्या तीस वर्षांत जी नवी मोडी घडवली, ती मात्र दुकानागणिक वेगळी आहे आणि ती घडवल्याचा आम्हाला पत्ताही नाही.

आता कोणी म्हणेल, “मास्तर, त्यावर उपाय निघाला आहे. एक छोटी स्क्रिप्ट लिहिली की झाले.” स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने ओळीने करायच्या कामांची चिठ्ठी. हे अक्षर दिसले की ते लिही, अशी ती आज्ञा देते. उपाय निघाला आहे, हे खरे. माझ्या स्वतःच्या कादंबरीवर तो करून पाहिला आहे, म्हणूनच पुढचे बोलायचा अधिकार मी घेतो.

ती कादंबरी २००८ साली निघाली. पुढे दुसऱ्या आवृत्तीची वेळ आली तेव्हा प्रकाशकाकडून फाइल आली ती इंग्रजी अक्षरांच्या चिवड्याची. माझा एक जुना विद्यार्थी संगणकाच्या धंद्यात आहे. त्याने दोन रात्री बसून शंभरेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली. काम वाटते तितके सरळ नव्हते. जुन्या फाँटात ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी आणि मग ‘क’ टंकतात. युनिकोडमध्ये आधी ‘क’ आणि मग वेलांटी. ‘कर्म’मधला रफार जुन्या पद्धतीत शेवटी येतो, तो उचलून ‘म’च्या आधी ‘र्’ म्हणून ठेवावा लागतो. हे सारे त्याने चिठ्ठीत लिहिले. मग कळ दाबली आणि तीनशे पाने काही क्षणांत मराठी झाली.

झाली खरी, पण कशी? प्रकरणांची नावे परिच्छेदांत मिसळून गेली. जात्यावरच्या ओव्या गद्याला जोडून आल्या. नायिकेच्या आईचे पत्र कुठे संपते आणि निवेदन कुठे सुरू होते, ते समजेना. मी विद्यार्थ्याला म्हटले, “अरे, तुझ्या चिठ्ठीत हेही सांग की!” तो म्हणाला, “सर, सांगू काय? फाइलीत ‘हे प्रकरणाचे नाव’ असे कुठेच लिहिलेले नाही. कुठे अक्षर अठराचे आहे, कुठे सोळाचे, कुठे नुसते ठळक. ओव्या तर स्पेसची कळ बडवून मधोमध आणल्या आहेत. डोळ्याला कळते, यंत्राला कसे कळावे?”

सगळ्या प्रश्नाचे मर्म त्या पोराच्या बोलण्यात आहे. मजकुरात कोणती गोष्ट *काय आहे*, हे आपण लिहीत नाही. ती *कशी दिसावी*, एवढेच रंगवतो. रंग उडाला की अर्थही उडतो.

खिळ्यांच्या छापखान्यात ही शिस्त होती. संपादक हस्तलिखितावर खुणा करी: हे शीर्षक, ही तळटीप, ही कविता. जुळारी त्या खुणा पाहून खिळे निवडी. इंग्रजीतला ‘मार्कअप’ हा शब्द छापखान्याच्या याच कामातून आला. १९६९ साली आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हीच रीत संगणकाला शिकवली. १९८६ साली तिच्यावर आधारलेले आंतरराष्ट्रीय मानक झाले. आज आपण फोनवर जे पान उघडतो तेही अशाच खुणांवर उभे असते. २००४ साली ‘मार्कडाउन’ नावाची इतकी सोपी रीत निघाली की ती शाळकरी मुलालाही जमावी. ओळीच्या आधी # अशी खूण केली की ते प्रकरणाचे नाव झाले. शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारका घातल्या की तो जोर देऊन म्हणायचा. पुढे २००६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी ‘पॅनडॉक’ हे साधन तयार करून सर्वांना फुकट दिले. ते प्राध्यापक तत्त्वज्ञानाचे, हे आमच्या साहित्यिकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे. पॅनडॉकच्या रीतीत ओवीच्या प्रत्येक ओळीआधी एक उभी रेघ ओढली की पुरे. ओवी पुन्हा गद्यात बुडत नाही.

असा खुणा केलेला मजकूर एकदा तयार झाला की पुढचे काम स्क्रिप्टचे. त्याच मजकुरातून छापायचे पुस्तक, फोनवरचे ई-पुस्तक, संकेतस्थळाचे पान, सारे निघते. घरोघरी सोऱ्या आहे, त्याची चकती बदलली की निराळा जिन्नस पडतो, तसे हे आहे. चकलीची भाजणी वेगळी आणि शेवेचे बेसन वेगळे, असे भगिनीवर्ग मला सांगेल. इथे मात्र पीठही एकच पुरते!

यावर आक्षेप येतात. पहिला, “हे ऑपरेटरचे काम, लेखकाचे नव्हे.” वा! ओवी कोणती आणि पत्र कोणते हे लेखकाने सांगायचे नाही, तर मग सांगायचे कोणी? दुसरा, “आमच्याकडे पीडीएफ आहे.” पीडीएफ पानावर कोणती आकृती कुठे बसली ते चोख जपते. पण जुन्या फाँटातल्या पीडीएफमधून एक वाक्य उचलून दुसरीकडे ठेवून पाहा, पुन्हा तोच चिवडा. तिसरा आक्षेप आजचा आहे: “आता कृत्रिम बुद्धिमत्ता छायाचित्रावरून वाचून देते.” देते, आणि बरे वाचते. परंतु ‘धर’चे ‘घर’ झाले तर ते मूळ लेखकाशिवाय कोण ओळखणार? जुन्या, दुर्मिळ ग्रंथांसाठी अनुमानाचा आधार जरूर घ्यावा. मूळ मजकूर स्वतःच्या टेबलावर असताना अनुमान कशाला?

आणि या सगळ्यात ज्यांचे नाव कोणी घेत नाही, ते आपले अंध वाचक. त्यांचा संगणक पान वाचून दाखवतो. खुणा असलेल्या मजकुरात ते एका प्रकरणावरून दुसऱ्यावर थेट जातात. तोच मजकूर ब्रेलमध्येही उतरवता येतो. जुन्या फाँटातली कथा उघडली तर तो बिचारा संगणक “ई, जे, के” म्हणत बसतो. अंधांसाठी पुस्तकांची सुगम रूपे करण्याची मोकळीक देणारा माराकेश येथील आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला आणि २०१४ साली जगात सर्वांआधी भारताने त्याला मंजुरी दिली. आपला प्रताधिकाराचा कायदा तर २०१२ सालीच त्यासाठी दुरुस्त झाला होता. म्हणजे सरकारने दार उघडले आणि आतून कडी घातली ती आम्ही, मराठीच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी!

तेव्हा माझी मागणी अशी. संपादकांनी मजकूर युनिकोडमध्येच घ्यावा आणि तसाच जपावा. लेखकांनी काय काय आहे त्याच्या खुणा स्वतः कराव्यात. मार्कडाउन नको असेल तर वर्डमध्ये अक्षर मोठे करण्याऐवजी ‘हेडिंग’ ही शैली लावावी, तेवढ्यानेही स्क्रिप्टचे काम भागते. प्रकाशकांनी पुस्तक निघाल्यावर खुणांची एक प्रत लेखकाला परत द्यावी. करारात तसे कलम असावे. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला छापील प्रती ठरलेल्या ग्रंथालयांत पाठवाव्या लागतात. या प्रतीसाठी कायद्याची वाट पाहायला नको. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. ज्या संस्थांनी शंभरावर वर्षे कागद सांभाळला, त्यांच्या हाती हा मजकूरही सोपवावा. आणि दिवाळी अंकांच्या स्पर्धांत मुखपृष्ठाला, मांडणीला गुण देणाऱ्या परीक्षकांनी एक साधी कसोटी जोडावी: हा अंक एखाद्या अंध वाचकाला वाचता येतो काय? नसेल, तर पारितोषिक नाही.

यात पैसा फारसा लागत नाही. साधने फुकट आहेत. लागते ती थोडी शिस्त. पुढच्या दिवाळीला निदान चार संपादकांनी अंकाच्या पहिल्या पानावर, मुद्रकाच्या नावाखाली, एक ओळ छापावी: ‘या अंकाचा खुणांसह मजकूर ग्रंथालयात ठेवला आहे.’ ज्या अंकावर ती ओळ दिसेल, तो मी पदरचे पैसे मोडून विकत घेईन, आणि शेजाऱ्यालाही घ्यायला लावीन.