श्रेय दिग्दर्शकाच्या खात्यावरही मांडा

विज्ञानकथेवरची मालिका गाजली की कौतुक लेखकाच्या आणि व्हीएफएक्स करणाऱ्यांच्या वाट्याला येते. भागाचा दिग्दर्शक मात्र बाजूलाच राहतो. तो भागागणिक बदलतो, सेट आधीच उभा असतो, पात्रे ठरलेली असतात. मग त्याने वेगळे काय केले, असे आपल्यातले जाणकारही विचारतात. उत्तर हवे असेल त्यांनी दोन जुने भाग व्यवसायाच्या नजरेने पाहावेत.

पहिला 'द ट्वायलाइट झोन' या अमेरिकी मालिकेचा 'आय ऑफ द बिहोल्डर', नोव्हेंबर १९६०चा. लेखन रॉड सर्लिंग यांचे, दिग्दर्शन डग्लस हेज यांचे. रुग्ण स्त्रीच्या चेहऱ्यावरच्या पट्ट्या शेवटी सुटतात, आत सुंदर चेहरा निघतो. आणि आपल्या दृष्टीने विद्रूप ठरतात ते डॉक्टर आणि परिचारिका. कागदावर हा धक्का दोन ओळींचा आहे. पडद्यावर तो साधायचा, तर तोवर सतत वावरणाऱ्या या माणसांचे चेहरे दिसता कामा नयेत आणि कोणी काही लपवत आहे, अशी शंकाही येता कामा नये. हेज आणि छायाचित्रकार जॉर्ज क्लेमेन्स यांनी कोणाला पाठमोरे ठेवले, कोणाला सावलीत उभे केले, आणि प्रत्येक हालचाल त्या बेताने बांधली. कलाकार निवडताना हेज यांनी त्यांच्याकडे पाठ करून फक्त आवाज ऐकले. चेहरा दिसणारच नव्हता. माया आवाजातच हवी होती.

दुसरा बीबीसीच्या 'डॉक्टर हू'चा पहिला भाग, २३ नोव्हेंबर १९६३चा. दिग्दर्शक वारिस हुसेन लखनौत जन्मलेले, तेव्हा अवघे २४ वर्षांचे. लाइम ग्रोव्हचा स्टुडिओ अडचणीचा, कॅमेरे अवजड, संकलनाला वाव फार थोडा. दोन शिक्षक अंधाऱ्या भंगारखान्यातल्या पोलिसांच्या खोक्यात घुसतात आणि पुढच्याच शॉटमध्ये लख्ख उजेडाच्या प्रशस्त दालनात उभे असतात. बाहेरून लहान, आतून मोठे ही अशक्य गोष्ट एका कटवर पटते, कारण आधीचा अंधार आणि कोंदटपणा हुसेन यांनी नीट जमवून ठेवलेला असतो. या भागाचे पहिले चित्रीकरण नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांना पसंत पडले नाही. पूर्ण भाग पुन्हा चित्रित झाला. कथा तीच, प्रमुख कलाकार तेच. संवादांत काही बदल झाले, मालिकेतल्या 'डॉक्टर' या मुख्य पात्राचा तुसडेपणा कमी केला, आणि गूढ तसेच ठेवून पात्र हवेहवेसे झाले. अभिनयाची ही पट्टी सेटवर लावून घेणे हे दिग्दर्शकाचेच काम.

दोन्ही भागांत संगणकीय चित्रे नाहीत. विश्वास बसतो तो कॅमेरा कुठे ठेवला, काय झाकले आणि केव्हा उघडले यामुळे. आज ग्रीन स्क्रीनसमोर कलाकाराला समोर नसलेली वस्तू दिसायला हवी असते, तेव्हाही तिची जागा, उंची आणि तिची भीती ठरवून देतो तो दिग्दर्शकच.

म्हणून निर्मात्यांना विनंती: विज्ञानकथेचा भाग ज्याच्याकडे सोपवणार, त्याला पटकथेच्या पहिल्या वाचनालाच बसवा, व्हीएफएक्सचा आराखडा त्याच्याशी बोलल्याशिवाय पक्का करू नका. समीक्षकांनी मालिकेच्या निर्मात्याबरोबर भागाच्या दिग्दर्शकाचेही नाव लिहावे. आणि नव्या दिग्दर्शकांनी हे दोन्ही भाग एकदा आवाज बंद करून, प्रत्येक शॉटपाशी थांबत पाहावेत. विज्ञानकथेत कल्पना लेखकाची असते. ती खरी वाटायला लावतो तो दिग्दर्शक.