सर्दी-खोकला हाही वॉर्डाचाच प्रश्न

लष्करातल्या आपल्या जुन्या घरांत दुखण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी सुंठीचा काढा, मग फ्रिजवरच्या डब्यातली मागच्या वेळची उरलेली गोळी, ती संपली की कोपऱ्यावरचा मेडिकलवाला. डॉक्टरांचा नंबर चौथा. सुंठीबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीची.

साधी सर्दी, घशाची खवखव बहुधा विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. सर्दी आठ-दहा दिवसांत आपली आपण जाते, श्रेय मात्र गोळीला मिळते. अशा उगाच घेतलेल्या औषधांना जंतू सरावतात आणि खऱ्या गरजेच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच, त्यावर तापाची वेगळी गोळी घेतली की मात्रा दुप्पट होते. पावसाळ्यानंतर डेंग्यूचे दिवस असतात. तेव्हा तापात ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन घेणे म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. आणि गुडघेदुखीच्या गोळ्या वर्षानुवर्षे रेवड्यांसारख्या खाणाऱ्या ज्येष्ठांनी मूत्रपिंडाची तपासणी करून घेतलेली बरी.

नियम नाहीत असे नाही. मार्च 2014 पासून सेफिक्झिमसारखी औषधे 'एच-1' यादीत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत, रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वेगळ्या रजिस्टरात लिहायचे आणि ते रजिस्टर तीन वर्षे जपायचे, असा कायदा आहे. आम्हा बँकवाल्यांच्या काउंटरवर सही जुळल्याशिवाय शंभर रुपये निघत नाहीत. मेडिकलच्या काउंटरवर मात्र "भैया, वो पीलीवाली" एवढे पुरते.

काउंटरच्या पलीकडचा माल तरी तपासलेला असतो का? 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याच मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात परासिया भागातली लहान मुले साध्या सर्दी-तापाने आजारी पडली. त्यांना 'कोल्ड्रिफ' हे खोकल्याचे औषध दिले गेले. पुढे मुलांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडे निकामी झाली. अनेकांना नागपूरला नेले, तरी वीसहून अधिक मुले गेली. तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला त्या औषधात 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडले. हे उद्योगात वापरले जाणारे विष आहे. ही चिठ्ठीशिवाय घेतलेली औषधे नव्हती, डॉक्टरांनीही ती लिहून दिली होती. म्हणून सगळा दोष घरातल्या डब्यावर टाकून सरकारला मोकळे सोडता येणार नाही. त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालील मुलांनाही सहसा नकोत.

डॉक्टर चौथ्या नंबरवर का, याचेही कारण आहे. दोन दिवसांच्या तापासाठी जयारोग्यच्या रांगेत अर्धा दिवस कोण घालवील? खाजगी फी प्रत्येकाला झेपत नाही. साध्या दुखण्यासाठी मोहल्ल्यातच डॉक्टर मिळावा म्हणून राज्यात डिसेंबर 2019 पासून संजीवनी क्लिनिक सुरू झाली. आपल्या वॉर्डाचे क्लिनिक कुठे आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

मते मागायला उमेदवार दारी येतात तेव्हा आपण सभागृहाचा आणि गणपतीच्या मंडपाचा विषय काढतो. ते काढूच. पण 2022 नंतरची महापालिकेची पुढची निवडणूक येईल तेव्हा आणखी तीन प्रश्न विचारावेत. क्लिनिकमध्ये डॉक्टर रोज बसतो का? तिथे औषधे मिळतात की बाहेरची चिठ्ठी हातात ठेवतात? आणि औषध निरीक्षकाने वॉर्डातल्या दुकानांची रजिस्टरे शेवटची कधी पाहिली? तिसरे खाते राज्याचे आहे, असे नगरसेवक म्हणतील. मग तोच प्रश्न आमदारांकडे न्यावा, आणि तोही लेखी, पोच घेऊन.

तोवर घरात एवढे पाळावे: ताप तीन दिवसांवर गेला, धाप लागली, छातीत दुखले किंवा मुलाची लघवी कमी झाली, तर काढा आणि डबा दोन्ही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, रांग कितीही लांब असली तरी.