कन्फ्यूजन झालं!

मराठी माणूस हल्ली भांबावत नाही, गांगरत नाही, बुचकळ्यात तर मुळीच पडत नाही. तो सरसकट 'कन्फ्यूज' होतो.

इंग्रजीशी माझं भांडण नाही. बँकेत नोकरी करून ते परवडणारही नाही. पण हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ 'एकत्र ओतणे'. आम्ही नेमकं तेच केलं! परक्या गावात माणूस भांबावतो, साहेबापुढे गांगरतो, कोड्यापुढे बुचकळ्यात पडतो. आम्ही सगळं एकाच पातेल्यात ओतून मोकळे!

तेही सोसलं असतं. पण परवा एका आजींनी भरलेले 2,000 रुपये माझ्या हातून भलत्याच खात्यात जमा झाले. मी म्हणालो, "आजी, जरा कन्फ्यूजन झालं हो." किती सोयीचा शब्द! घोळ म्हटला की तो घालणारा आला. कन्फ्यूजन मात्र वळवाच्या पावसासारखं आपलं आपण होतं. कुणाला जबाबदार धरणार?

आजींनी चष्मा पुसला. "म्हणजे घोळ तूच घातलास ना रे?"

मी गांगरलो. अगदी शुद्ध मराठीत.