भाडोत्री नागरिक, खरं वीजबिल : न्यू ऑर्लिन्समध्ये नेमकं काय घडलं?

जनसुनावणीत टाळ्या वाजवणारे लोकच पैसे देऊन आणलेले असतील तर? अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात हे खरोखर घडलं. त्या वादातला वीज प्रकल्प मात्र आजही उभा आहे.

दर कोण ठरवतं?
अमेरिकेत खासगी वीज कंपन्यांवर सहसा राज्याचा आयोग लक्ष ठेवतो. न्यू ऑर्लिन्स याला अपवाद आहे. 'एन्टर्जी न्यू ऑर्लिन्स' या कंपनीचे दर आणि प्रकल्प तिथली ७ सदस्यांची सिटी कौन्सिल, म्हणजे निवडून आलेले नगरसेवक मंजूर करतात.

वाद काय होता?
कंपनीला शहराच्या पूर्व भागात १२८ मेगावॉटचा गॅसवर चालणारा प्रकल्प हवा होता. खर्च सुमारे २१ कोटी डॉलर. वादळात बाहेरून येणाऱ्या वाहिन्या तुटल्या तरी शहरात वीज राहील, असा कंपनीचा दावा होता. स्थानिक रहिवासी आणि पर्यावरणवाद्यांचा विरोध होता. मार्च २०१८ मध्ये कौन्सिलने ६ विरुद्ध १ मतांनी मंजुरी दिली.

बिंग कसं फुटलं?
मे २०१८ मध्ये 'द लेन्स' या स्थानिक वृत्तसंस्थेने बातमी दिली : सुनावणीतले काही समर्थक भाड्याने आणलेले कलाकार होते. बसायचे ६० डॉलर, भाषणाचे २००. हे जनसंपर्क संस्थेच्या उपकंत्राटदाराने केलं, आपल्याला माहीत नव्हतं, असं कंपनीने सांगितलं. कौन्सिलच्या चौकशीचा निष्कर्ष वेगळा निघाला : कंपनीला हे माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं. २०१९ मध्ये ५० लाख डॉलरचा दंड झाला, पण प्रकल्पाची मंजुरी कायम राहिली.

कंपन्यांना प्रकल्प का हवे असतात?
नियंत्रित वीज कंपनीला मंजूर भांडवली गुंतवणुकीवर ठरावीक परतावा मिळतो आणि तो ग्राहकांच्या बिलातून वसूल होतो. गुंतवणूक जितकी मोठी, तितका नफा मोठा. म्हणून 'प्रकल्प खरंच हवा का?' हे नियामकाने विचारायचं असतं.

दावा खरा ठरला?
२९ ऑगस्ट २०२१ रोजी 'आयडा' चक्रीवादळ धडकलं. शहराला वीज पुरवणाऱ्या आठही पारेषण वाहिन्या बंद पडल्या आणि शहर अंधारात गेलं. प्रकल्प असूनही पहिले दिवे लागायला दोन दिवसांहून जास्त वेळ गेला.

मुद्दा काय?
नियामक निवडून आलेला असला, की त्याला मतपेटीतून जाब विचारता येतो. पण लोकमत म्हणून त्याच्यासमोर भाड्याची गर्दी बसवता येते, हेही इथे दिसलं. दंड एकदाच भरावा लागतो. प्रकल्पाचा खर्च मात्र ग्राहक वर्षानुवर्षं फेडत राहतो.